सभागृहासाठी डिजिटल मिक्सर : खरेदीपूर्वीचा हिशेब

मशीद बंदर परिसरातील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथील बाजार समितीच्या आवारात आले आणि त्यांच्या मागोमाग धान्य, मसाले, सुकामेवा यांचा व्यापार करणारी अनेक कुटुंबे नवी मुंबईत स्थिरावली. वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे अशा उपनगरांत समाजाच्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांची सभागृहे झाली. पाठशाळेचा वार्षिकोत्सव, महिला मंडळाचे स्नेहसंमेलन, भक्तिसंगीताची संध्या, वार्षिक सर्वसाधारण सभा, विवाहसमारंभ असे वर्षभर या सभागृहांत काही ना काही चालू असते. व्याख्यानासाठी ध्वनिवर्धक वापरावा की नाही, हा ज्या त्या परंपरेचा विषय आहे. त्याची चर्चा येथे करावयाची नाही. येथे विचार आहे तो ध्वनियंत्रणा ज्यांत वापरली जाते अशा कार्यक्रमांचा.

अशा कार्यक्रमानंतरची तक्रार बहुधा ठरलेली असते. पहिल्या दोन रांगांतील श्रोते कानांवर हात ठेवून बसलेले असतात आणि शेवटच्या रांगांतील वडीलधाऱ्यांना शब्द कळलेला नसतो. मधूनच शिट्टी वाजते. लहान मुलीचे गाणे सुरू होऊन संपते, तोवर तिचा माइक उघडलेलाच नसतो. पुढच्या बैठकीत कोणीतरी सुचवितो, ‘आता डिजिटल मिक्सर घेऊन टाकू.’ सूचना चुकीची नसते. मात्र तिच्यामागे देणगीदारांचा पैसा उभा असतो आणि या पैशाने नेमके काय विकत घ्यावयाचे, याचा विचार फार थोड्या बैठकांत होतो. म्हणून हा विषय या सदरासाठी घेतला आहे.

मिक्सर म्हणजे काय आणि डिजिटल म्हणजे काय

माइक, हार्मोनियम, तबला, कीबोर्ड, लॅपटॉप अशा अनेक ठिकाणांहून येणारे ध्वनिसंकेत एकत्र आणणे, त्यांतील प्रत्येकाचा चढ-उतार सांभाळणे आणि मग ते स्पीकरकडे, कलावंतांपुढील मॉनिटरकडे अथवा ध्वनिमुद्रणाकडे पाठविणे, हे मिक्सरचे काम. जुन्या अ‍ॅनालॉग मिक्सरमध्ये प्रत्येक बटणाला एकच काम नेमून दिलेले असते. डिजिटल मिक्सरमध्ये ध्वनीचे रूपांतर अंकांत होते आणि पुढील सर्व प्रक्रिया संगणकाप्रमाणे आकडेमोडीने होते. त्यामुळे पूर्वी कपाटभर उपकरणांत सामावणारी इक्वलायझर, कंप्रेसर, गेट, एको यांसारखी साधने एकाच पेटीत बसतात. शिवाय केलेली मांडणी साठवून ठेवता येते. आज वार्षिकोत्सवासाठी जी मांडणी केली, ती पुढच्या वर्षी एका बटणाने परत आणता येते.

ही सोय एका दिवसात स्वस्त झालेली नाही. जपानच्या यामाहा कंपनीने १९८७ साली डीएमपी-७ हा छोटा डिजिटल मिक्सर बाजारात आणला. १९९४ मध्ये प्रोमिक्स ०१ आणि १९९५ मध्ये ०२आर आला. तरीही प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेत डिजिटल कन्सोल दीर्घकाळ मोठ्या भाडेव्यावसायिकांपुरताच मर्यादित राहिला. मोठा बदल घडला तो २०१२ मध्ये. बेहरिंगरचा एक्स-३२ त्या वर्षी विक्रीस आला. बत्तीस माइक इनपुट, सोळा मिक्स बस आणि मोटरवर आपोआप सरकणारे फेडर हे सर्व त्याने अशा किमतीत दिले, की मध्यम आकाराच्या संस्थांनाही हा विचार करता येऊ लागला. बेहरिंगरच्या मूळ समूहाने २००९ मध्ये मिडास ही नामवंत ब्रिटिश कंपनी विकत घेतली होती. त्या अनुभवाचा लाभ या यंत्राला मिळाला. त्यानंतर अ‍ॅलन अँड हीथची क्यू मालिका, यामाहाची टीएफ मालिका, साऊंडक्राफ्टची यूआय मालिका, बेहरिंगरचा एक्सआर-१८ आणि अलीकडे २०२३ मधील यामाहा डीएम-३ व अ‍ॅलन अँड हीथ सीक्यू अशी रांगच लागली. परवडणाऱ्या यंत्रांची आज उणीव नाही. अडचण आहे ती निवडीची.

प्रथम मोजणी, नंतर मॉडेल

दुकानदार प्रथम मॉडेल दाखवितो. खरेदीदाराने प्रथम कागद घ्यावा. वर्षातील सर्वांत मोठा कार्यक्रम कोणता, हे ठरवून त्याला किती इनपुट लागतात ते लिहावे. पाठशाळेचा वार्षिकोत्सव उदाहरणादाखल घेऊ. निवेदकांसाठी दोन कॉर्डलेस, व्यासपीठावरील पोडियमसाठी एक, गायकांसाठी चार, तबला-डग्ग्यासाठी दोन, हार्मोनियमसाठी एक, ढोलकीसाठी एक, कीबोर्डसाठी डावी-उजवी मिळून दोन आणि लॅपटॉपसाठी दोन. बेरीज झाली पंधरा. त्यात ऐनवेळच्या गरजेसाठी तीन जोडावेत, म्हणजे अठरा. नाटुकलीत सहा मुलांना डोक्यावर लावण्याचे माइक द्यावयाचे असतील, तर ही संख्या चोवीस होते.

आता ही संख्या यंत्राशी ताडून पाहता येते. एक्सआर-१८ मध्ये सोळा माइक इनपुट आणि दोन लाइन इनपुट आहेत. वरची अठराची गरज त्यात जेमतेम बसते, परंतु वाढीस जागा उरत नाही. चोवीसची गरज असेल तर अधिक इनपुटचे यंत्र अथवा स्टेजबॉक्स जोडता येणारे यंत्र पाहावे लागेल. येथे एक सावधगिरी हवी. नावातील अथवा जाहिरातीतील आकडा म्हणजे माइक जोडण्याच्या जागांची संख्या असेलच असे नाही. एक्स-३२ च्या कॉम्पॅक्ट रूपात आतली प्रक्रिया मोठ्या यंत्राइतकीच असते, पण यंत्रावर माइक इनपुट सोळाच असतात. उरलेले स्टेजबॉक्सने घ्यावे लागतात आणि स्टेजबॉक्सची किंमत वेगळी असते. कोटेशनमध्ये ‘चॅनेल’ असा शब्द दिसला, की ‘यातील माइक प्रीअँप किती?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

इनपुटइतकीच आऊटपुटची मोजणी महत्त्वाची असते आणि ती बहुधा राहून जाते. मुख्य स्पीकरसाठी दोन, रंगमंचावरील मॉनिटरसाठी दोन-तीन, सभागृहाच्या मागील स्पीकरसाठी एक, बाहेरील पडवीसाठी अथवा भोजनगृहासाठी एक, असे सहा-सात मार्ग सहज लागतात. हल्ली त्यात थेट प्रक्षेपणाची भर पडली आहे. परगावी अथवा परदेशी असलेले आप्त घरबसल्या कार्यक्रम पाहतात. सभागृहात जे कानांना योग्य वाटते तेच प्रक्षेपणात योग्य वाटत नाही. ढोलकी सभागृहात माइकविनाही ऐकू येते, पण प्रक्षेपणात ती नाहीशी होते. म्हणून प्रक्षेपणासाठी स्वतंत्र बस राखून ठेवता येईल असे यंत्र घ्यावे.

फेडर की टॅब्लेट

परवडणाऱ्या यंत्रांचे ढोबळ दोन प्रकार पडतात. पहिल्यात समोर फेडर आणि पडदा असतो. दुसऱ्यात रंगमंचावर ठेवण्याची केवळ एक पेटी असते आणि सर्व कारभार टॅब्लेटवरून चालतो. एक्सआर-१८ आणि यूआय मालिकेतील यूआय-१६, यूआय-२४आर ही दुसऱ्या प्रकारची परिचित उदाहरणे. यूआय मालिका तर साध्या ब्राउझरमधून चालते. वेगळे अ‍ॅप घ्यावे लागत नाही.

पेटीचा लाभ उघड आहे. किंमत कमी, जागा कमी, आणि रंगमंचापासून सभागृहाच्या मागच्या टोकापर्यंत जाडजूड मल्टिकोर केबल ओढावी लागत नाही. मिक्सिंग करणारी व्यक्ती शेवटच्या रांगेत जाऊन, तेथील आजोबांना जे ऐकू येते तेच ऐकून आवाज लावू शकते. हा लाभ लहान नाही.

मर्यादाही तितकीच उघड आहे. तीन माइक एकाच वेळी बंद करावयाचे असतील, तर फेडरवर तीन बोटे पुरतात. टॅब्लेटवर तेवढी चपळाई येत नाही. आणि वाय-फाय तुटले की हातातील टॅब्लेट ही केवळ काच उरते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच असतात. रिकाम्या सभागृहात तालीम सुरळीत होते आणि सायंकाळी पाचशे मोबाइल आत आले की जोडणी डळमळू लागते, याचे कारण हेच. म्हणून पेटीच्या आतील वाय-फायवर विसंबू नये. ५ गिगाहर्ट्झचा चांगला स्वतंत्र राउटर उंचावर लावावा आणि लॅन केबलने जोडलेला एक लॅपटॉप हाताशी राखीव ठेवावा. हा खर्च यंत्राच्या किमतीत धरूनच तुलना करावी.

कार्यक्रम दर वेळी वेगळे स्वयंसेवक सांभाळणार असतील, तर फेडर असलेले यंत्र अधिक सुरक्षित ठरते. एकच जाणकार व्यक्ती कायम असेल आणि अंदाजपत्रक तोकडे असेल, तर पेटी पुरेशी ठरते.

मागच्या रांगेचा प्रश्न

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. तारेतून जाणारा विद्युत्‌संकेत मात्र जवळजवळ त्याच क्षणी पोहोचतो. समजा, मुख्य स्पीकरपासून सतरा मीटर मागे दुसरे स्पीकर लावले. मागे बसलेल्या श्रोत्याला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि मुख्य स्पीकरचा आवाज सुमारे ५० मिलिसेकंदांनी नंतर ऐकू येतो. एवढे अंतर पडले की एकच शब्द दोनदा ऐकल्यासारखा होतो आणि बोलणे अस्पष्ट होते. मागे स्पीकर वाढवूनही तक्रार जात नाही, याचे एक कारण येथे सापडते. मागील स्पीकरचा आवाज तेवढाच विलंबाने सोडला, की शब्द स्वच्छ होतो. डिजिटल यंत्रात हे काम एका आकड्याने होते. मात्र प्रत्येक स्वस्त यंत्रात प्रत्येक आऊटपुटला ही सोय असतेच असे नाही. लांब सभागृह असलेल्या संस्थेने ‘आऊटपुट डिले आहे का?’ हा प्रश्न कोटेशन मागतानाच लिहून द्यावा.

सभांसाठी आणखी एक सोय उपयोगी पडते. व्यासपीठावर सहा माइक उघडे असले, की सहाही माइक सभागृहाचा गोंगाट उचलतात. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली, की शिट्टी लागण्यापूर्वीची सुरक्षित मर्यादा सुमारे तीन डेसिबलने घटते. अमेरिकेतील डॅन डुगन यांनी यावर स्वयंचलित मिक्सिंगची पद्धत शोधून काढली : जो बोलतो त्याचा माइक वर, इतरांचे खाली. एक्सआर-१८ सारख्या कमी किमतीच्या यंत्रातही आज या धर्तीची सोय मिळते. वार्षिक सर्वसाधारण सभेत तिचे मोल कळते.

यंत्र जे करू शकत नाही

संगमरवरी फरशी, उघड्या भिंती आणि उंच छत असलेल्या सभागृहात आवाज घुमतो. घुमलेला आवाज कोणताही मिक्सर परत गोळा करू शकत नाही. जाड पडदे, जाजम, भिंतींवर ध्वनिशोषक पट्ट्या आणि स्पीकरची योग्य उंची यांवर केलेला खर्च पुष्कळदा नव्या मिक्सरपेक्षा अधिक फळ देतो. वक्त्याने माइक तोंडापासून दोन हात दूर धरला अथवा स्पीकर माइकच्या पुढे नव्हे तर मागे ठेवले, तर शिट्टी लागणारच. यूआय मालिकेत शिट्टी दाबणारी स्वयंचलित यंत्रणा आहे. ती साहाय्य करते, पण चुकीची मांडणी दुरुस्त करीत नाही. म्हणून खरेदीपूर्वी एक दिवस एखाद्या अनुभवी ध्वनितंत्रज्ञास सभागृहात बोलावून, त्याचे शुल्क देऊन, दोष खोलीचा आहे, स्पीकरचा आहे, माइकचा आहे की मिक्सरचा, हे लेखी मागावे. आणि गरज चार माइक व एका लॅपटॉपचीच असेल, तर चांगला अ‍ॅनालॉग मिक्सर घ्यावा. त्यात कोणताही कमीपणा नाही.

शेजारी आणि कायदा

नवी मुंबईतील पुष्कळ सभागृहे निवासी इमारतींना लागून आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, बंदिस्त सभागृहासारखे अपवाद सोडून, ध्वनिवर्धकास मनाई आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धकांत डेसिबलची मर्यादा आधीच बसवून ठेवण्याच्या उपायाचा विचार करण्यास राज्य शासनास सांगितले. डिजिटल मिक्सरच्या आऊटपुटवर लिमिटर लावता येतो आणि काही यंत्रांत त्यास संकेतशब्दाचे कुलूपही घालता येते. आवाज किती असावा, हे उत्साहाच्या भरात ठरू नये. विश्वस्तांनी शांतपणे ठरवून ते यंत्रात बांधून ठेवावे. शेजाऱ्यांशी संबंध टिकविण्याचा हा स्वस्त मार्ग आहे.

पैशाचा हिशेब

हौसेला मोल नसते असे म्हणतात. संस्थेच्या हौसेला मात्र मोल असते आणि ते देणगीदार भरतात. म्हणून भाडे आणि खरेदी यांची तुलना आकड्यांनी करावी.

समजा, मिक्सर, राउटर, केबल आणि यूपीएस मिळून २,००,००० रुपये खर्च येतो. यात १८ टक्के दराने सुमारे ३०,५०० रुपये जीएसटी आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या संस्थेला त्याचे क्रेडिट मिळत नाही, तो खर्चच समजावा. स्वतःचा मिक्सर असल्यामुळे साऊंडवाल्याच्या बिलात प्रत्येक कार्यक्रमामागे ५,००० रुपये वाचतात आणि देखभाल व विम्यावर वर्षाला १०,००० रुपये जातात असे धरू. वर्षाला बारा कार्यक्रम असतील तर बचत ६०,०००, देखभाल वजा जाता ५०,०००. खर्च चार वर्षांत भरून निघतो. चारच कार्यक्रम असतील तर बचत २०,०००, देखभाल वजा जाता १०,०००. खर्च भरून निघण्यास वीस वर्षे लागतात. तेवढी वर्षे हे यंत्र, त्याचे सॉफ्टवेअर आणि त्याचे सुटे भाग टिकतील अशी आशा धरणे व्यवहाराचे नाही. अशा संस्थेने भाड्यानेच घ्यावे. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत. रीत मात्र हीच ठेवावी. आणि मिक्सर घेतला म्हणून साऊंडवाल्याचे संपूर्ण बिल वाचते असे नव्हे. स्पीकर, माइक आणि माणूस यांचा खर्च उरतोच.

हिशेबनिसाने आणखी एक लक्षात ठेवावे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने खरेदीची रक्कम उत्पन्नाचे उपयोजन म्हणून दाखविली असेल, तर आयकराच्या हिशेबात त्याच मालमत्तेवर पुन्हा घसारा मागता येत नाही. यंत्राचा अनुक्रमांक स्थावर-जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत चढवावा आणि विम्यात त्याचा उल्लेख करावा.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर करावी की नवी मुंबईतील दुकानात, हा सोयीचा प्रश्न आहे. बिल आणि हमी हा तत्त्वाचा प्रश्न आहे. परदेशातून परस्पर आणलेला माल स्वस्त दिसतो, परंतु भारतातील अधिकृत वितरक त्याची हमी स्वीकारील याची शाश्वती नसते. तीन लेखी कोटेशने घ्यावीत, तीनही एकाच यादीवर घ्यावीत, आणि दुरुस्ती मुंबईत होते की यंत्र बाहेरगावी पाठवावे लागते, तोवर पर्यायी यंत्र मिळते का, हे लेखी घ्यावे. भाडेव्यावसायिकांकडील वापरलेला एक्स-३२ सारखा कन्सोल विचारात घेण्यास हरकत नाही. मात्र प्रत्येक फेडर आपोआप सरकतो का, प्रत्येक माइक इनपुट वाजतो का, हे एक एक करून तपासल्यावाचून पैसे देऊ नयेत.

चालविणार कोण

डिजिटल यंत्र हा एक संगणक आहे. वीज क्षणभर गेली तरी तो पुन्हा सुरू होण्यास वेळ घेतो आणि तोवर सभागृह मुके होते. म्हणून मिक्सर आणि राउटर यांना छोटा यूपीएस अनिवार्य समजावा. खाडीकाठची दमट हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांत यंत्र बंद कपाटात पडून राहू नये. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवावे, धुळीपासून झाकावे.

याहून मोठी जोखीम माणसाची असते. एकाच उत्साही तरुणाला यंत्र कळते, तो नोकरीसाठी पुण्याला अथवा बंगळुरूला जातो आणि लाखांचे यंत्र झाकणाखाली राहते. खरेदीच्या ठरावातच निदान तिघांच्या प्रशिक्षणाची तरतूद असावी. त्यात युवती मंडळातील कोणी असावे, निवृत्त पण कानाने सावध असा एखादा ज्येष्ठ असावा. प्रत्येक प्रकारच्या कार्यक्रमाची मांडणी नाव देऊन साठवावी, तिची प्रत पेनड्राइव्हवर कार्यालयात ठेवावी, आणि कोणता माइक कोणत्या इनपुटला हे मराठीत लिहून यंत्राशेजारी चिकटवावे. हा कागद यंत्राइतकाच उपयोगी असतो.

ठराव मतास टाकण्यापूर्वी कार्यकारिणीने शेवटचे एक करावे. निवडलेले यंत्र विक्रेत्याकडून एका खऱ्या कार्यक्रमासाठी भाड्याने अथवा प्रात्यक्षिकासाठी आणवावे, ते आपल्याच माणसांनी चालवावे आणि मत विचारावे ते शेवटच्या रांगेत बसलेल्यांना. त्यांना शब्द नीट कळला, तर धनादेशावर सही करण्यास हरकत नाही.